मिक्का सोफ्याची उजवी बाजू

स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात यायचं आणि पर्समधून पांढरे हातमोजे काढून चढवायचे, याला काय म्हणावं? थंडीचे मोजे असते तर एक वेळ चाललं असतं. हे पातळ सुती, संग्रहालयातली माणसं मेलेल्या राजांची भांडी उचलताना घालतात तसले. एप्रिलचा शेवटचा रविवार, शेगडीवर रिसोत्तोचा तांदूळ रटरटतोय, आणि ओर्नेल्ला, वय वर्षं त्रेपन्न, सोफ्यापुढे गुडघे टेकून त्याच्या शिवणीवरून मोज्यातलं बोट फिरवतेय.

पाल्मिरा कोल्झानीनं तांदूळ ढवळता ढवळता हे पाहिलं आणि पळी पातेल्यावर आपटली.

“त्या सोफ्यावर तू मुतलेली आहेस,” ती म्हणाली. “एकदा नाही, दोन हिवाळे. तेव्हा कुणी मोजे घातले नव्हते.”

“आई, हाताचं तेल कापडाला लागतं.”

“पन्नास वर्षं लागतंय. लोणीही लागलंय, तुझ्या भावाचं नाकही लागलंय. काय झालं त्याला?”

“तेच तर! काहीच झालं नाही. बाकीच्यांचा फोम कधीच भुगा झाला. हा एकच उरलाय, आई. जगात एकच.”

जगात काय उरलं आणि काय गेलं याचं पाल्मिराला सोयरसुतक नव्हतं. तिचं जग काब्यातेच्या चर्चपासून कारखान्याच्या भोंग्यापर्यंत. पाचवी झाली तशी अकराव्या वर्षी ती शिवणखात्यात बसली आणि बोटांची पेरं वाकडी झाल्यावर उठली. पण सोफ्याचं तिला कुणी सांगायला नको होतं. ‘मिक्का’ हे नाव पावावरून पडलं. तीन फुगीर पाव एकमेकांना खेटून भट्टीतून निघावेत तसा तो दिसे. पाय नाहीत, कोपरे नाहीत, जमिनीला पोट लावून बसलेला. मिलानच्या ब्रिविओ नावाच्या आर्किटेक्टनं तो काढला आणि कारखान्यानं हजारोंनी विकला.

पाल्मिराचा नवरा एजिदिओ तिथंच फोमचे थर एकमेकांना चिकटवायचा. दिवसाचे आठ तास सोल्यूशनचा डबा आणि ब्रश. संध्याकाळी घरी यायचा तो डोकं गरगरत, आणि पहिला घास घेतला की म्हणायचा, “रिसोत्तोला सोल्यूशनचा वास येतोय.” वास त्याच्या मिशीला असायचा. त्र्याहत्तर साली त्याला वाटलं, आपल्याही घरी एक मिक्का असावा. पाल्मिरानं कंबरेवर हात ठेवून सांगितलं, “आण. पण सोल्यूशनचा थेंब या उंबऱ्याच्या आत आला तर तू आणि तुझा सोफा, दोघं कोंबड्यांच्या खुराड्यात झोपाल.”

मग एजिदिओनं शनिवार-शनिवार बसून टणक लाकडाचा सांगाडा केला. रंग बिघडला म्हणून बाजूला टाकलेली खोळ तिनं कारखान्यातून उचलली. तंबाखूचा रंग यायचा तो गंजाचा आला होता. आणि आत भरायला माहेरून आलेल्या दोन गाद्यांपैकी एक फोडली. पाल्मिराच्या आईनं ती लोकर पंधरा वर्षं जमवली होती, शरदात डोंगरावरून मेंढ्या खाली उतरत तेव्हा धनगरांकडून मूठ-मूठ मागून. सोल्यूशन नाही म्हटल्यावर भाग एकमेकांना धरणार कसे? पाल्मिरानं सहा जुन्या एप्रनच्या नाड्या कापल्या आणि पाव पावाला बांधून टाकले.

“या वेळी सोल्यूशनचा थेंब नाही,” ओर्नेल्ला जेवताना सांगत होती. त्याच कारखान्यात ती आता खातेप्रमुख होती, आणि मिक्का पुन्हा बाजारात आणायचं काम तिच्याकडे होतं. मोजे एकदाचे काढले होते. “जुने नमुने पुन्हा काढायचे तर नव्या रीतीनं काढायचे, असं ठरलंय. मातीला, हवेला त्रास नाही. लाकूड मुद्दाम लावलेल्या जंगलातलं. भरण जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांचं. आणि सगळं सुटं होणार, आई, नाड्यांनी बांधलेलं. संगणकानं जागा काढून दिल्या, कुठं किती नाड्या लागतील त्या.”

“किती निघाल्या?”

“चोवीस.”

“बावीस पुरतात. संगणकाला सांग.”

ओर्नेल्ला हसली, पण हसू गालापर्यंतच गेलं. दोन वर्षं ती या एका सोफ्यात बुडाली होती. घोडं पेंड खात होतं ते ब्रिविओच्या मुलीपाशी. आर्किटेक्ट जाऊन वीस वर्षं झाली. आता त्याच्या कुठल्याही चीजेला फियाम्मेत्ताबाईंची सही लागे. बाई पंधरा दिवसांपूर्वी येऊन नव्या मिक्कावर बसल्या, दोन मिनिटांत उठल्या आणि म्हणाल्या, “हा वडिलांचा नाही.” का नाही, ते त्यांनाही सांगता येईना. मापं बरोबर, रंग बरोबर, शिवण बरोबर.

“गुरुवारी पुन्हा येणारेत. तेव्हाही नाही म्हणाल्या, तर संचालक काम बंद करणार. मला माहितीपत्रकांच्या खात्यात बसवतील, रंगांना नावं द्यायला. ‘पहाटेची वाळू.’ ‘भिजलेला बदाम.’”

“पण त्या बाईंच्या घरी होता ना एक?” पाल्मिरानं विचारलं.

“होता. कसरीनं खाल्ला म्हणून त्यांच्या आईनं कधीच फेकून दिला.”

पाल्मिराचा घास तोंडातच थांबला. फोमला कसर लागत नाही. कसर लागते लोकरीला.

तिला सगळं आठवलं. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. ब्रिविओ कसल्याशा बिजागरीचं विचारायला एजिदिओकडे आला होता. दोन मिनिटं म्हणून सोफ्यावर टेकला आणि तोंड उघडं टाकून पाऊण तास घोरला. उठला तेव्हा गालावर शिवणीचा वळ. म्हणाला, “एजिदिओ, हा मी काढलेला नाही. पण मला हाच काढायचा होता.” कारखान्यानं त्याचं ऐकलं नाही, लोकरीला हात लागतात, सोल्यूशनला ब्रश पुरतो. तेव्हा ब्रिविओनं गुपचूप स्वतःच्या घरापुरता एक मागितला, आणि पाल्मिरानं माहेरची दुसरी गादी फोडून तो भरला. मिलानच्या बायका कुठल्या दर मे महिन्यात लोकर उन्हात घालायला! कसर लागणारच. पण ती मुलगी वाढली त्याच सोफ्यावर. तिच्या बुडाला लोकर ठाऊक, बाटल्या नाहीत.

उत्तर पाल्मिराच्या जिभेवर होतं. आणि जी जीभ उभ्या जन्मात कधी मागे राहिली नाही, ती टाळूला चिकटून बसली. कारण ओर्नेल्ला तेवढ्यात म्हणाली, “म्हणून हा आपला सोफा दोन दिवस न्यायचाय. उसवून मापं घेऊ. पप्पांच्या बाजूला हात लावणार नाही हं, आई. तिचं नुसतं मशीननं चित्र घेऊ. खळग्याची खोलीसुद्धा कळेल, मिलिमीटरपर्यंत.”

“सोफा उंबऱ्याबाहेर जाणार नाही,” पाल्मिरा म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सोफ्याची उजवी बाजू एजिदिओची. चाळीस वर्षं तो तिथंच बसला, तिथंच रेडिओवर सायकलींची शर्यत ऐकली, आणि अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला तोही आदल्या दिवशी तिथूनच उठून. तेव्हापासून त्या बाजूला कुणी बसत नसे. पप्पांचा खळगा आहे तिथं, असं ओर्नेल्लानं ठरवलं. पाहुणे आले की ती पुढे होऊन त्यांना डावीकडे वळवी. नातवंडं चुकून चढली की चापट खात. सणावारी सहा माणसं स्टुलांवर आणि एक पाव रिकामा.

आणि खळगा नव्हता. हे एकट्या पाल्मिराला ठाऊक होतं.

एजिदिओ गेला मार्चमध्ये. मे आला. दर मे महिन्यात पहिलं कोरडं ऊन पडलं की नाड्या सोडायच्या, खोळ उसवायची, लोकर धुवायची, अंगणात चादरीवर वाळवायची, फळीवरच्या खिळ्यांवर पिंजायची, पुन्हा भरायची. चाळीस मे महिने हात हेच करत आले होते. त्या वर्षीही हातांनी तेच केलं. डोकं कुठं होतं कोण जाणे, फुलं कोमेजली म्हणून कबरीवर जायचं याच विचारात असावं. शेवटचा टाका घालून तिनं दोरा दातानं तोडला आणि उजव्या बाजूवर थोपटलं. तळहाताखाली पाव ताज्यासारखा फुगीर. एजिदिओचं ओझं, त्याचा तो एका कुशीवरचा तिरकेपणा, सगळं तिनं स्वतःच्या हातानं पिंजून काढलं होतं. चादरीवर काड्या आणि धूळ उरली होती, तीही झाडून झाली होती.

त्या दिवशी ती रडली नाही. चूक एवढी मोठी होती की रडणं तिच्यापुढे लहान दिसलं असतं. संध्याकाळी ओर्नेल्ला आली, पप्पांच्या जागेकडे पाहून डोळे पुसत म्हणाली, “तू यंदा उसवला नाहीस ना?” आणि पाल्मिरा म्हणाली, “नाही.” एका शब्दाचं खोटं. पुढे दर मे महिन्यात ती दार-खिडक्या लावून एकटीच लोकर पिंजायची, आणि शेजारणींना सांगायची, खोकला फुलांच्या परागांमुळे येतोय.

सोमवारी ती काळा कोट घालून कारखान्यात गेली. मनात हिशेब साधा होता: लोकरीशिवाय सोफा जमला तर लोकरीचं नाव काढायची गरज नाही. तित्सियानो नावाच्या लांब मानेच्या इंजिनिअरनं तिच्यासाठी खुर्ची आणली. ती खुर्चीकडे न बघता सरळ नव्या मिक्कावर बसली. उठली. पुन्हा बसली. अर्धवट उठून मागे वळून पाहिलं.

“मी बसलेच नव्हते असं दाखवतोय हा.”

“तेच त्याचं वैशिष्ट्य आहे, सिन्योरा,” तित्सियानो खुलून म्हणाला. “या भरणाला आठवण आहे. माणूस उठलं की ते पुन्हा पहिल्या आकारात येतं.”

“उठलं की विसरतं, त्याला तुम्ही आठवण म्हणता?”

“म्हणजे... शास्त्रात तसं म्हणतात.”

“शास्त्राला सांग, असं माझी जाऊ करते. घरातून पाय बाहेर पडला की तुम्ही कोण. लोकर धरून ठेवते, बाळा. तुझं वजन धरते, कूस धरते. इतकं धरते की वर्षातून एकदा तिला मारून-मुटकून सोडवावं लागतं.” बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण नको तो शब्द बोललो.

ओर्नेल्लानं मान वर केली. “लोकर? आपल्या सोफ्यात आहे तशी?”

आता मागे फिरणं नव्हतं. पाल्मिरानं आर्किटेक्टच्या घरच्या सोफ्याचं सांगून टाकलं. ओर्नेल्ला ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत नव्हता असा रंग चढला.

“पण लोकर महाग पडेल,” ती म्हणाली.

“कसली महाग!” तित्सियानो म्हणाला. “माझे काका बेर्गामोच्या डोंगरात मेंढ्या राखतात. कातरलेली लोकर कुणी फुकटसुद्धा नेत नाही. कचरा म्हणून न्यायला उलट पैसे द्यावे लागतात.”

“कचरा?” पाल्मिरा उभीच राहिली. “बाटल्या वितळवून गाद्या करता, आणि लोकर कचऱ्यात टाकता? तुम्हाला शाळेत कुणी पाठवलं रे?”

हसले सगळे. मग हसू विरलं, कारण सगळ्यांनाच दिवस मोजता येत होते. ती लोकर तेलकट, काट्याकुट्यांची. धुऊन, वाळवून, पिंजून तयार व्हायला तीन आठवडे. गुरुवार तीन दिवसांवर. नमुन्याला आत्ता भरता येईल अशी लोकर आसपासच्या गावांत एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण खोलीतल्या दोघींना माहीत होतं.

‘माझ्याकडे बघू नका,’ असं म्हणायला पाल्मिरानं तोंड उघडलं. पण कुणी बघतच नव्हतं. ओर्नेल्ला स्वतःच्या बुटांकडे पाहत हळू म्हणाली, “नाही. ती पप्पांची आहे. मी बाईंना मुदत मागून बघते.” आवाजावरून कळत होतं की मुदत मिळणार नाही.

मागितलं असतं तर पाल्मिरा भांडली असती. भांडणात ती कधी हरली नव्हती. मुलीनं मागितलंच नाही, तिथं तिची पंचाईत झाली.

“उद्या सकाळी कात्री घेऊन ये,” ती म्हणाली. “मोजे घरी ठेव.”

मंगळवारी ओर्नेल्ला आली ती कात्री, मोजपट्टी आणि खडू घेऊन. सोफा अंगणात काढला. डाव्या बाजूच्या नाड्या तिनं भराभर सोडल्या. उजवीकडे आली तशी थांबली, खडू घेतला आणि खोळीवर हळूहळू एक वाटोळी रेघ ओढायला लागली.

“हे काय?”

“खळग्याची कड आखून ठेवते, आई. नवी लोकर आली की परत असाच भरू. बघ ना, इथं अजून किती खोल आहे. आणि इथं डावीकडे कलतो. पप्पा कुशीवर रेलायचे ना, तसाच.”

पाल्मिरानं पाहिलं. अकरा वर्षं कुणी बसलं नव्हतं म्हणून ती बाजू तिन्हींमध्ये उंच होती. लोण्यानं भरलेल्या ब्रेडसारखी टम्म. आणि तिची शिकलेली, संगणकावर नकाशे काढणारी मुलगी त्या उंचवट्यावर खोली आखत होती, जीभ दातांत धरून, लहानपणी अक्षर गिरवायची तशी.

“खळगा नाहीये, ओर्नेल्ला.”

“आहे गं. तुला चष्म्याशिवाय—”

“तो गेला त्याच मेमध्ये मी उसवला. धुतला, पिंजला, भरला. नेहमीसारखा. शेवटचा टाका घातल्यावर कळलं.” ती एका दमात बोलली, एरवी बाजारात भाव सांगते तशी. “नंतरही दर वर्षी उसवत आले. दार लावून.”

खडू थांबला. ओर्नेल्लानं तळहात ठेवला, दाबला, उचलला.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं मी माझ्या पोराला स्टुलावर बसवलं! लग्नात व्याह्यांना उठवलं! आई, मी त्या बिचाऱ्या पाद्रीबाबांना हाताला धरून उठवलं होतं!”

“तो जाड आहे. त्याला उठवलंस ते बरंच केलंस.”

“हसू नकोस! मी इथं येऊन पप्पांशी बोलायचे. इथं, या जागेशी.”

“माहीत आहे. म्हणून तर सांगता आलं नाही.”

ओर्नेल्ला धपकन बसली. कुठं बसतोय हे तिनं पाहिलं नाही. खडूच्या रेघेच्या बरोबर मध्यात. लोकरीनं हळूच श्वास सोडला आणि ती दोन बोटं खाली गेली. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती हसायला लागली, पाद्रीबाबा आठवले असावेत. पाल्मिरा शेजारी टेकली नाही. ती उभीच राहिली, कारण तिला ठाऊक होतं की आपण बसलो तर आजचं काम होणार नाही. एवढंच म्हणाली, “त्याची मिशी, त्याचा खोकला, त्याचा तिरकेपणा, सगळं मी या हातांनी पिंजलं. तुला काय वाटतं, मला ते सोपं गेलं?”

“नाही,” ओर्नेल्ला म्हणाली.

“मग ऊठ. ऊन चाललंय.”

शिवणखात्यातल्या दोन जुन्या मैत्रिणी मदतीला आल्या आणि अंगणात चौघी खिळ्यांच्या फळ्या पुढ्यात घेऊन बसल्या. माहेरची लोकर पन्नास वर्षांनंतरही लांब धाग्याची, हाताला तूप लावल्यासारखी. ओर्नेल्ला गाठी सोडायची आणि निम्म्या तशाच ठेवायची. मैत्रिणींनी टोमणे मारून तिला नकोसं केलं. “संगणकाला बोलाव गं, तो पिंजेल.” बुधवारी संध्याकाळपर्यंत कारखान्यातल्या नमुन्याचे तिन्ही पाव भरून झाले, खाली बाटल्यांचं भरण, वर चार बोटं लोकर. पाल्मिरानं दोन नाड्या कापून टाकल्या. बावीस पुरल्या.

गुरुवारी फियाम्मेत्ता ब्रिविओ आल्या. सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, कोट न काढणाऱ्या बाई. बसल्या. संचालक घड्याळ बघत होता, तित्सियानोची लांब मान आणखी लांब झाली होती. मग बाईंनी कोट काढला. बूट काढले. पाय वर घेतले आणि गाल पाठीच्या शिवणीला लावला, आणि सगळ्यांच्या देखत साठीची बाई दहा वर्षांची झाली.

“वडील यात बसले की जेवणासाठी त्यांना आत जाऊन बोलवावं लागायचं,” त्या म्हणाल्या. “त्यांना उठताच यायचं नाही.” कागद मागितला आणि पाय वर ठेवूनच सही केली.

संचालकानं टाळ्या वाजवल्या. मग माहितीपत्रक उघडून ओर्नेल्लाला बाजूला घेतलं, पण त्याचा आवाज बाजूला घेण्यासारखा नव्हता. “लोकर छान. धनगरांचीही गोष्ट छान. पण हे शेवटचं पान काय आहे? दर मे महिन्यात उसवा, उन्हात घाला, पिंजा? एवढे पैसे मोजणारं गिऱ्हाईक फळी घेऊन अंगणात बसणार? हे पान काढू.”

“पान काढलं तर दोन वर्षांत याला कसर लागेल,” ओर्नेल्ला म्हणाली.

“दोन वर्षांनी नवीन घेतील.”

“मग बाटल्यांचा आणि जंगलांचा एवढा तमाशा कशाला केला? पान राहील. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे आमच्या शिवणखात्यातली माणसं मे महिन्यात जातील. पान काढायचं असेल तर त्यावरचं माझंही नाव काढा, मी उद्यापासून बदामांना नावं देते.”

सोफ्यावरून बाई म्हणाल्या, “पान राहणार असेल तरच माझी सही.” संचालकानं पान ठेवलं.

ओर्नेल्ला वळली. आई भिंतीपाशी काळ्या कोटात उभी होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तिच्यापाशी येऊन ओर्नेल्लानं, त्रेपन्न वर्षांच्या खातेप्रमुखानं, हळूच विचारलं, “आई, बरोबर केलं ना?”

पाल्मिरानं तिला खालीवर न्याहाळलं आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला:

“कामाला दहापैकी आठ. नऊ दिले असते, पण लोकरीत गाठी ठेवल्यास. वागणुकीला पाच, म्हणजे नापास. बापाच्या नावानं पोरांना चापट्या मारल्यास. त्यातल्या निम्म्या माझ्या खोटेपणाच्या, त्या मी माझ्या पदरात घेते, निम्म्या तुझ्याच. आत्ता साहेबाला तोंडावर बोललीस, म्हणून एक वाढवते. सहा. पास.”